फ्रिजवरचा पालथा भोपळा

न्यू जर्सीतलं एक मराठी ख्रिस्ती घर. दोघंही अहमदनगरकडची (आताचं अहिल्यानगर), प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेली. मुलगी दुसरीत. तिने शाळेत रंगवलेला कागदी भोपळा फ्रिजवर लावला, तर आईने तो चुंबकाखाली पालथा केला. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, तिकडे मुलं वेश करून दारोदार गोळ्या मागतात. त्या रात्री तिघं दिवे मालवून बसली, कारण तिकडे दारावरचा दिवा बंद म्हणजे ‘आमच्याकडे येऊ नका’. पोरगी पडद्याच्या फटीतून वर्गातली मुलं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला म्हणाली, “तू सैतानाचा सण केलास.” शाळेतून फोन आला आणि नवराबायको माझ्याकडे समुपदेशनाला आली. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

“ताई, हॅलोविन मूर्तिपूजकांचा सण आहे. डोळेझाक कशी करू?” हे आईचं. वडील वैतागलेले: “गोळ्या-चॉकलेटांत कसला आलाय सैतान!”

आधी इतिहास, कारण व्हॉट्सॲपवर फिरतो तो अर्धाच. आयर्लंड-स्कॉटलंडात हिवाळ्याच्या तोंडावर साउइन नावाचा सण होता, हे खरं. पण ‘हॅलोविन’ हे नाव सर्व संतांच्या सणाच्या (१ नोव्हेंबर) पूर्वसंध्येवरून पडलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पोप बोनिफेस चौथे यांनी रोमचं पँथियन हे जुनं देऊळ मरिया आणि हुतात्म्यांना समर्पित केलं, ते १३ मे रोजी. १ नोव्हेंबर ही तारीख पुढे इंग्लंडात आणि फ्रँक राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात) रुळली. ८३५ मध्ये फ्रँक राज्यभर लागू झाली. आयर्लंडच्या जुन्या दिनदर्शिकेत मात्र सर्व संतांचा दिवस एप्रिलात सापडतो. मग चर्चने साउइनवरच आपला सण चढवला, असं छातीठोक सांगता येत नाही. कोरलेले दिवेही आयर्लंडात सलगमचे असत. भोपळा अमेरिकेत आला. दारोदार गोळ्या मागणं तिथे पसरू लागलं ते १९३० च्या दशकात, आणि सर्वत्र रुळलं दुसऱ्या महायुद्धानंतर.

एवढ्यावर वडील जिंकल्यासारखे हसले. पण मूळ शोधून प्रश्न सुटत नाही. रविवारी आपण उपासनेला जातो, त्या वाराच्या नावात सूर्य आहे. म्हणून कोणी सूर्यपूजक ठरत नाही. बायबलात १ करिंथ ८ आणि १० मध्ये प्रेषित पौल मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल हेच सांगतो: बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, पण समोरच्याच्या विवेकाला ठेच लागत असेल तर थांबा. रोमकर १४:२३ आणखी कडक आहे. मनात संशय ठेवून खाणारा दोषी ठरतो. म्हणजे इतिहास नवऱ्याच्या बाजूने असला तरी बायकोला ओढत नेणं चूकच.

एक बाब मात्र विवेकावर सोडलेली नाही. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (१८:१०-१२) शकुन पाहणं, भूतविद्या, मृतांना विचारणं यांना सरळ मनाई आहे. मृतांशी बोलण्याचा ओइजा (Ouija) बोर्ड आणि भविष्य सांगायचे टॅरो पत्ते ‘गंमत म्हणून’सुद्धा नकोत.

मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत पंधरा मिनिटं, एकेक कागद. रकाने तीन: करू, करणार नाही, अजून ठरलं नाही. ‘हॅलोविन’ हा शब्द लिहायचा नाही, कृती लिहायची: गोळ्या वाटणं, परीचा पोशाख, भोपळा कोरणं, दारात सांगाडा टांगणं. सणाच्या नावाने भांडण पेटतं. कृतींवर आलं की निम्मं आपोआप मिटतं. इथेही सांगाडा दोघांनी ‘करणार नाही’त लिहिला होता, आणि गोळ्या वाटणं दोघांनी ‘करू’त. नियम एकच: ज्याचं मन ‘नाही’ म्हणतं, त्याच्याकडून ती गोष्ट करवून घ्यायची नाही, वादही घालायचा नाही.

हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उरकायचं. पोशाख आणून झाल्यावर नकार दिला की तो मुलीला शिक्षा वाटतो. शिक्षिकेला दोन ओळी लिहायच्या: मुलगी पोशाखात येईल, भुताचे मुखवटे नकोत.

मुलीला सांगायची वाक्यंही ठरवून दिली: “आपल्या घरी आपण भुताखेतांचा खेळ खेळत नाही. बाकीच्यांचं त्यांचे आईबाबा ठरवतात.” ‘सैतान’ शब्द वगळायचा. सात वर्षांचं मूल तो शब्दशः घेतं. मैत्रीण सैतानाची होते आणि रात्री एकटं झोपायची भीती बसते. या घरात दोन्ही झालं होतं.

पुढच्या वर्षी दारावरचा दिवा लागला. वडील आणि मुलगी गोळ्या वाटायला पायरीवर बसली, आई आत थांबली. १ नोव्हेंबरच्या सकाळी प्रार्थनेत तिने घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन देवाचे आभार मानले. मुलीने पणजीचं नाव स्वतःहून जोडलं. भोपळा कोरणं आईच्या कागदावर अजून तिसऱ्या रकान्यातच आहे. फ्रिजवरचा कागदी भोपळा मात्र आता सुलटा आहे.