वाचकांचे प्रश्न : ॲक्सेसचा एरर मेसेज नेमकं काय सांगतो?

या वेळी आलेल्या पत्रांत मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एरर मेसेजचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. उत्तरांआधी एक विनंती. मेसेज ‘ओके’ दाबून घालवण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. ‘काहीतरी एरर येतो’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. एरर नंबर आणि अवतरणचिन्हांत छापलेलं नाव मिळालं की निम्मं काम झालेलं असतं.

प्रश्न : पतसंस्थेत काम करतो. शाखांकडून आलेल्या एक्सेल फाइल अपेंड क्वेरीने (टेबलात नवे रेकॉर्ड जोडणाऱ्या आदेशाने) सभासदांच्या टेबलात टाकतो. दर वेळी चार आकडे असलेला लांबलचक मेसेज येतो आणि शेवटी ‘तरीही क्वेरी चालवू का?’ असं विचारतो. आम्ही ‘येस’ दाबतो. चालेल ना?

उत्तर : न वाचता ‘येस’ दाबू नका. ॲक्सेसच्या सगळ्या मेसेजमध्ये सर्वांत नेमकी माहिती देणारा मेसेज हाच आहे, आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत.

त्या चार आकड्यांपैकी पहिला फील्डचा (म्हणजे एकेका रकान्याचा) आहे, उरलेले तीन रेकॉर्डचे (म्हणजे पूर्ण ओळींचे). पहिला आकडा ‘टाइप कन्व्हर्जन फेल्युअर’चा. म्हणजे एक्सेलमधली किंमत टेबलातल्या फील्डच्या प्रकारात बसली नाही, म्हणून ते फील्ड रिकामं सोडलं. रेकॉर्ड मात्र टेबलात जातो! त्यामुळे एकूण संख्या जुळते, सभासदही दिसतो, फक्त त्याची रक्कम किंवा फोन गायब असतो. रकमेच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलेलं असणं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण मोबाइल नंबरचं. फील्ड ‘नंबर’ प्रकारचं आणि साइझ ‘लाँग इंटिजर’ असेल तर त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. आपले दहा आकडी मोबाइल नंबर ६ ते ९ पासून सुरू होतात, म्हणजे एकही बसणार नाही. मोबाइल, पिनकोड, खाते क्रमांक यांची बेरीज कुणी करत नाही, तेव्हा ती फील्ड ‘शॉर्ट टेक्स्ट’च ठेवा. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही त्यामुळे वाचतात.

दुसरा आकडा ‘की व्हायोलेशन’चा, म्हणजे रेकॉर्डची ओळख ठरवणाऱ्या किंवा दोन टेबलं जोडणाऱ्या फील्डचा नियम मोडल्याचा. हे रेकॉर्ड टेबलात गेलेलेच नाहीत. बहुतेक जण याचा अर्थ ‘डुप्लिकेट होते’ असा करतात, पण तो अर्धाच आहे. सभासद क्रमांक आधीच टेबलात असेल तर रेकॉर्ड नाकारला जातो, हे खरंच. पण फाइलमधला शाखा कोड शाखांच्या टेबलात नसेल आणि त्या दोन टेबलांत रिलेशनशिप लागू असेल, तरी तो रेकॉर्ड याच आकड्यात मोजला जातो. नवी शाखा उघडली आणि शाखांच्या टेबलात तिची नोंद करायची राहिली, तर त्या शाखेचे सगळेच सभासद बाहेर राहतील.

तिसरा आकडा ‘लॉक व्हायोलेशन’चा, म्हणजे दुसऱ्या कुणी डेटा अडवून ठेवल्याचा, अपेंड करताना तो सहसा शून्यच असतो. चौथा ‘व्हॅलिडेशन रूल’चा. फील्डवर लावलेली अट मोडली किंवा सक्तीचं फील्ड रिकामं आलं की तो वाढतो.

पहिल्या किंवा दुसऱ्या आकड्यात काही दिसलं तर ‘नो’ दाबा, म्हणजे काहीच टाकलं जात नाही. मग एक्सेल फाइल आधी एका तात्पुरत्या टेबलात घ्या, त्यातली सगळी फील्ड शॉर्ट टेक्स्ट. क्वेरी विझार्डमधल्या ‘फाइंड अनमॅच्ड’ने ते टेबल शाखांच्या टेबलाशी ताडून पाहा, ‘फाइंड डुप्लिकेट्स’ने फाइलमध्येच दोनदा आलेले क्रमांक शोधा. क्रिएट टॅबवर हे दोन्ही विझार्ड तयार आहेत. साफसफाई करून पुन्हा अपेंड चालवली की चारही आकडे शून्य व्हायला हवेत. शून्य झाले की हा मेसेज येतच नाही.

आणखी एक. कुणीतरी कोडमध्ये ‘सेटवॉर्निंग्ज फॉल्स’ लिहून हा मेसेज बंद केला असेल, तर ती ओळ आधी काढा. तिने चूक थांबत नाही, नुसती दिसेनाशी होते. कोडमधून क्वेरी चालवायची तर ‘एक्झिक्यूट’ वापरा आणि सोबत ‘डीबी-फेल-ऑन-एरर’ हा पर्याय द्या. काही अडलं तर तो पूर्ण क्वेरी मागे घेतो आणि कारण सांगतो.

प्रश्न : क्वेरीवर डबल क्लिक केलं की ती व्यवस्थित चालते. तीच क्वेरी बटणामागच्या कोडमधून उघडली की एरर ३०६१, ‘टू फ्यू पॅरामीटर्स. एक्स्पेक्टेड १’. पॅरामीटर तर आम्ही कुठे दिलेलेच नाहीत.

उत्तर : तुम्ही दिलेले नाहीत, पण इंजिनाला (ॲक्सेसमधला डेटा हाताळणारा भाग) एक दिसतोय. क्वेरीत जे नाव त्याला टेबलात सापडत नाही, त्याला ते पॅरामीटर, म्हणजे बाहेरून मिळायची किंमत, समजतं. ‘एक्स्पेक्टेड १’ म्हणजे न ओळखलेलं एक नाव, ‘एक्स्पेक्टेड २’ म्हणजे दोन.

तुमच्या बाबतीत क्वेरीच्या अटीत फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्सचा उल्लेख असणार, ‘फॉर्म्स’ने सुरू होणारा. डबल क्लिकने क्वेरी उघडते तेव्हा ॲक्सेस स्वतः तो उल्लेख वाचून फॉर्मवरची किंमत इंजिनाला पुरवतं. कोडमधून ‘ओपन रेकॉर्डसेट’ किंवा ‘एक्झिक्यूट’ केलं की काम थेट इंजिनाकडे जातं, आणि इंजिनाला फॉर्म म्हणजे काय हेच माहीत नसतं.

उपाय असा : कोडमध्ये त्या क्वेरीचा ‘क्वेरीडेफ’ घ्या, त्याच्या ‘पॅरामीटर्स’मधून एकेक घेत प्रत्येकाच्या नावावर ‘इव्हॅल’ चालवून आलेली किंमत त्याला द्या, आणि रेकॉर्डसेट त्या क्वेरीडेफवरूनच उघडा. चार-पाच ओळींचं काम आहे. फॉर्म मात्र तेव्हा उघडा असला पाहिजे.

फॉर्मचा उल्लेख नसतानाही ३०६१ येत असेल तर दोनच गोष्टी पाहा : फील्डच्या नावाचं स्पेलिंग, आणि अवतरणचिन्हांत न घातलेला मजकूर. शहर = पुणे असं नुसतं लिहिलं तर ‘पुणे’ हेही एक नाव समजलं जातं. नेमकं कुठलं नाव अडतंय हे पाहायची सोपी युक्ती आहे. कोडमधलं एसक्यूएल (क्वेरीच्या भाषेतलं) वाक्य ‘डीबग.प्रिंट’ने छापा, कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडोतून ते उचला, नव्या क्वेरीच्या एसक्यूएल व्ह्यूमध्ये चिकटवा आणि चालवा. आता एररऐवजी ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’ची छोटी खिडकी येते, आणि तिच्यावर ते नाव लिहिलेलं असतं.

प्रश्न : वसईत संस्थेच्या सभासदांची नोंद ठेवतो. आडनावावरून शोधताना बाकी सगळी नावं सापडतात, पण डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा टाकलं की एरर ३०७५, ‘मिसिंग ऑपरेटर’.

उत्तर : ही आडनावं इंग्रजीत लिहिताना ‘डी’ अक्षरानंतर ॲपॉस्ट्रॉफी येते, दोष तिच्यामुळे येतो. तुमच्या कोडमध्ये आडनाव एकेरी अवतरणात घातलेलं आहे. इंजिन ‘डी’पर्यंत वाचतं, तिथली ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे मजकूर संपल्याची खूण समजतं, आणि पुढे उरलेल्या ‘सोझा’चं काय करायचं ते त्याला कळत नाही. मधे ‘=’, ‘+’ असं एखादं चिन्ह राहिलं असावं असा त्याचा तर्क, म्हणून ‘मिसिंग ऑपरेटर’. गोव्यात आणि वसईत ही चूक पहिल्याच दिवशी सापडते. इतरत्र ती वर्षानुवर्षं कोडमध्ये दडून राहते.

आडनाव वाक्यात जोडण्याआधी ‘रिप्लेस’ फंक्शनने प्रत्येक ॲपॉस्ट्रॉफीच्या जागी दोन ॲपॉस्ट्रॉफी घाला. सलग दोन आल्या की इंजिन त्यांना मजकुरातली एक समजतं. टेबलात साठवताना मात्र दोन घालू नका, हा बदल फक्त शोधवाक्यापुरता. ‘डीलुकअप’ आणि फॉर्मच्या ‘फिल्टर’लाही हेच लागू आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पॅरामीटर क्वेरी. तिच्यात मजकूर वाक्यात जोडलाच जात नाही, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : तारखेवरून रिपोर्ट काढताना एरर येत नाही, पण काही दिवसांचे आकडे चुकतात. विंडोजमध्ये तारीख दिवस/महिना/वर्ष अशीच लावलेली आहे.

उत्तर : एरर न येणारी चूक सर्वांत वाईट, आणि ही त्यातलीच. एसक्यूएल वाक्यात # चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख इंजिन अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी धरून वाचतं. विंडोजमधल्या सेटिंगशी त्याला देणंघेणं नाही. #०५/०४/२०२४# म्हणजे त्याच्या लेखी ५ एप्रिल नव्हे, ४ मे. #१३/०४/२०२४# दिलं तर तेरावा महिना नसतो म्हणून ते मुकाट्याने १३ एप्रिल धरतं. त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांत घोळ होतो आणि पुढचे दिवस बरोबर येतात. चाचणी २० तारखेला घेतली तर सगळं ठीकच दिसणार.

कोडमध्ये तारीख जोडताना ‘फॉरमॅट’ फंक्शनने ती वर्ष-महिना-दिवस या क्रमात करून घ्या : #२०२४-०४-०५#. या क्रमात संदिग्धता उरत नाही. क्वेरीच्या डिझाइन ग्रिडमध्ये मात्र विंडोजच्या सेटिंगप्रमाणेच तारीख टाका, तिथे ॲक्सेस स्वतः बदल करून घेतं. ग्रिडमध्ये तारीख टाकून एसक्यूएल व्ह्यू उघडला की महिना पुढे गेलेला दिसेल.

प्रश्न : ‘युजर ॲडमिनने अमुक मशीनवर डेटाबेस अशा स्थितीत ठेवला आहे की तो उघडता येत नाही’ असा मेसेज येतो. आमच्याकडे ॲडमिन नावाचं कुणी नाही.

उत्तर : ॲडमिन हे इंजिनाचं ठरलेलं नाव आहे, वेगळं लॉगिन नसलेल्या प्रत्येकाला ते हेच म्हणतं. त्याकडे दुर्लक्ष करा, मशीनचं नाव तेवढं पाहा. त्या मशीनवर कुणीतरी फाइल एक्स्क्लूझिव्ह, म्हणजे फक्त स्वतःसाठी, उघडली आहे, किंवा फॉर्म, कोड बदलत बसलं आहे. तिथे ॲक्सेस बंद दिसत असेल तर टास्क मॅनेजर उघडा, ते अनेकदा मागे चालूच राहिलेलं असतं.

सगळे बाहेर पडले की डेटाबेसशेजारची .एलएसीसीडीबी ही लॉक फाइल आपोआप नाहीशी व्हायला हवी. राहिली आणि डिलीट करता आली, तर ती जुनी उरलेली होती. डिलीट होत नसेल तर कुणीतरी अजून आत आहे.

हे रोजच होत असेल तर शेअर केलेल्या फोल्डरच्या परवानग्या तपासा. प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याची आणि डिलीट करण्याचीही परवानगी लागते. ती नसलेल्या माणसाने सकाळी सर्वांत आधी डेटाबेस उघडला तर लॉक फाइल बनत नाही, फाइल एकट्यासाठी उघडते आणि बाकीचे बाहेर राहतात. ‘मॉडिफाय’ परवानगी दिली की काम भागतं. शिवाय डेटाबेस दोन भागांत विभागा. टेबलं सर्व्हरवर, आणि फॉर्म-रिपोर्टची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या मशीनवर. ‘डेटाबेस टूल्स’ टॅबवर त्यासाठी तयार बटण आहे.

प्रश्न : ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’, एरर ३३४३. फाइल गेली का?

उत्तर : आधी फाइल कुठल्या आवृत्तीत उघडताय ते पाहा. नव्या प्रकारची .एसीसीडीबी फाइल ॲक्सेस २००३ मध्ये उघडली तरी हाच मेसेज येतो, आणि फाइल धडधाकट असते. २०१० मध्ये आलेलं कॅल्क्युलेटेड (सूत्राने भरणारं) फील्ड असलेली फाइल २००७ मध्ये उघडली तरी तेच.

काल उघडत होती आणि त्याच मशीनवर आज उघडत नाही, तर फाइल बिघडली आहे. सगळ्यांना बाहेर काढा, फाइलची प्रत करा, प्रत स्वतःच्या मशीनच्या डिस्कवर आणा आणि ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ त्या प्रतीवर चालवा. मूळ फाइलवर कधीही नाही. हे बटण नवी फाइल बनवून त्यात वाचता येईल तेवढं उतरवतं, जे वाचता येत नाही ते गळतं. ते झाल्यावर ‘एमसिस-कॉम्पॅक्ट-एरर’ नावाचं टेबल दिसलं तर आत काय अडलं ते त्यात लिहिलेलं असतं. रिपेअर जमलंच नाही तर नवा कोरा डेटाबेस उघडून ‘एक्स्टर्नल डेटा’मधून एकेक टेबल इम्पोर्ट करा. ज्या टेबलावर गाडी अडेल तेवढंच बॅकअपमधून घ्यावं लागेल.

असं वारंवार होत असेल तर कारण बहुधा नेटवर्कमध्ये असतं. वाय-फायवरून शेअर केलेली फाइल उघडणं आणि चालू डेटाबेस वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवणं, दोन्ही बंद करा. २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ अपडेटनंतर अनेक ठिकाणी डेटाबेस ‘इनकन्सिस्टंट स्टेट’मध्ये जाऊ लागले. तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेला उपाय म्हणजे, फाइल ज्या मशीनवर आहे तिथल्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ‘लॅनमॅनसर्व्हर’च्या ‘पॅरामीटर्स’खाली ‘डिसेबल-लीजिंग’ हा डीवर्ड (संख्येची नोंद) १ करणं.

प्रश्न : इम्पोर्ट करताना अचानक ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. कोडमध्ये काहीच बदललेलं नाही.

उत्तर : फाइलचा साइझ पाहा. ॲक्सेसच्या एका फाइलची मर्यादा २ जीबी आहे, आणि ती भरली की इंजिन सरळ ‘जागा संपली’ न म्हणता हा भलताच मेसेज देतं. दर महिन्याला डेटा घेऊन जुना डिलीट करत असाल तरी फाइल वाढतच जाते, कारण मोकळी झालेली जागा कॉम्पॅक्ट केल्याशिवाय परत मिळत नाही. कॉम्पॅक्ट करूनही ती लहान होत नसेल तर मोठं टेबल वेगळ्या फाइलमध्ये ठेवून लिंक करा, किंवा टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर न्या. २०२२ च्या आवृत्तीत तिथे एका डेटाबेसला १० जीबी मिळतात.

प्रश्न : नव्या मशीनवर ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ येतं आणि ‘डेट’ किंवा ‘लेफ्ट’ या शब्दावर निळी पट्टी दिसते. एवढी साधी फंक्शन कशी हरवतील?

उत्तर : ती हरवलेली नाहीत. दुसरीच कुठलीतरी लायब्ररी (तयार कोडची फाइल) त्या मशीनवर नाही, आणि तिच्यामुळे सगळीच नावं शोधणं अडतं. ऑल्ट-एफ११, मग टूल्समध्ये रेफरन्सेस. ‘मिसिंग’ लिहिलेल्या ओळीची खूण काढा आणि डीबग मेनूतून कंपाइल करा. आता जी ओळ अडेल, ती लायब्ररी तिथेच वापरलेली आहे.

प्रश्न : फॉर्मवर #नेम?, #एरर, #डिव्ह/०! असं काहीबाही दिसतं.

उत्तर : #नेम? म्हणजे कंट्रोल सोर्समध्ये लिहिलेलं फील्ड सापडत नाही, बहुधा त्याचं नाव बदललेलं असतं. #डिव्ह/०! म्हणजे शून्याने भागाकार. #एरर पुष्कळदा यामुळे येतो की ‘रक्कम’ नावाच्या टेक्स्टबॉक्समध्येच ‘रक्कम’ वापरून सूत्र लिहिलेलं असतं आणि तो स्वतःलाच विचारत बसतो. टेक्स्टबॉक्सचं नाव बदला. आणि नुसतीच ##### अशी रांग दिसत असेल तर आधी रकाना थोडा रुंद करून पाहा.