तणनाशकाचं ॲप वापरण्याआधी पंप मोजा

तणनाशकाचं प्रमाण काढून देणारं ॲप घेतलंत, चांगलं केलंत. पण ते फक्त गणित करतं, आकडे तुम्हालाच द्यावे लागतात.

म्हणून आधी पंपात साधं पाणी भरा. टेपने १०० चौरस मीटर जागा आखा (एवढ्या छोट्या तुकड्यावर जीपीएसच्या भरवशावर राहू नका) आणि नेहमीच्या चालीने फवारा. ४ लिटर संपलं, तर हेक्टरी ४०० लिटर. लेबलवर हेक्टरी १ लिटर औषध असेल, तर १५ लिटरच्या पंपाला साडेसदतीस मिली. चाल, दाब किंवा नोझल बदललं की पुन्हा मोजायचं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- एकर-हेक्टरची गल्लत. थेट अडीचपट फरक पडतो, पीकसुद्धा जळतं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.
- लेबलवरचा सक्रिय घटकाचा (औषधातल्या प्रत्यक्ष तण मारणाऱ्या रसायनाचा) आकडा औषधाचं माप समजून भरणं.
- झाकणाने अंदाजे ओतणं.
- फोटोवरून ॲपने सांगितलेलं तणाचं नाव न पडताळणं.

ॲप आणि लेबल जुळलं नाही, तर लेबलच खरं. वाऱ्याचा अंदाज ॲपमध्ये दिसला, तरी शेतात उभं राहून वारा बघा.

ट्रॅक्टरचा बूम (अनेक नोझल लावलेली आडवी दांडी), शेताचे नकाशे हे सगळं नंतर. पहिली पाण्याची चाचणी झाली की आकडे कळवा, आपण मिळून तपासू.