पेनड्राइव्ह लावला की विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. आतले फोटो आणि लेख परत मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की पेनड्राइव्ह १६ जीबीचा आहे, त्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो आणि वडिलांनी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले लेख आहेत, दुसरी प्रत कुठेच नाही आणि लावला की विंडोज फॉरमॅट करायला सांगतं. माझं रोजचं काम संगणक दुरुस्तीचं आहे, असे पेनड्राइव्ह सतत हातात येतात. तुमच्या वर्णनावरून आशा बरीच आहे. फक्त आता त्या पेनड्राइव्हवर काहीही लिहिलं जाऊ देऊ नका.

फॉरमॅटला ‘नाही’ म्हणा. ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं तरी नाहीच. त्यामागे विंडोजचा चेकडिस्क चालतो, आणि त्याचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलच्या नोंदींची व्यवस्था, सुसंगत करणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं हे नाही. ज्या तुकड्यांचा ठावठिकाणा लागत नाही ते तो सीएचके नावाच्या फाइल करून एका फोल्डरमध्ये टाकतो, आणि मग मूळ नावं, मूळ फोल्डर शोधणं अवघड होऊन बसतं. फॉरमॅटमध्ये ‘क्विक’ची खूण काढलेली असेल तर व्हिस्टापासून पुढचं विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं. त्यानंतर कोणीही काही करू शकत नाही.

बहुतेक वेळा बिघाड पेनड्राइव्हच्या अगदी सुरुवातीच्या भागात असतो. फाइल कुठून सुरू होते, तिचं नाव काय, ही नोंद तिथे असते. तलाठ्याकडचा उतारा फाटला म्हणून शेत नाहीसं होत नाही, तसे तुमचे फोटो पुढच्या भागात जागेवर असण्याची शक्यता मोठी आहे.

आधी एक गोष्ट तपासा. स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा आणि पेनड्राइव्हसमोर आकडा काय येतो ते बघा. साधारण १४-१५ जीबी आणि ‘रॉ’ (म्हणजे नोंदी विंडोजला वाचता येत नाहीत) असं दिसत असेल तर घरच्या घरी काम होऊ शकतं. ‘नो मीडिया’ किंवा शून्य दिसत असेल तर आतल्या कंट्रोलरचा, म्हणजे पेनड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचा, मेमरी चिपशी संबंध तुटलाय. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही, त्यात वेळ घालवू नका.

आकडा बरोबर दिसला तरी लगेच रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवू नका. आधी अख्ख्या पेनड्राइव्हची इमेज काढा, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून (साठवणीचा सगळ्यात छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत जशीच्या तशी एक मोठी फाइल. संगणकावर १६ जीबीपेक्षा थोडी जास्त मोकळी जागा लागेल. दुखावलेला पेनड्राइव्ह किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो, म्हणून त्याचा जीव शोधाशोधीत नाही, प्रत काढण्यात खर्च व्हावा. लिनक्स येत असेल तर इमेज काढायला जीएनयू डीडीरेस्क्यूइतकं चांगलं साधन दुसरं नाही. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारी जागा सोडून पुढे जातं आणि नंतर परत येऊन तिथे प्रयत्न करतं. कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये राहते. पेनड्राइव्ह तापला किंवा मध्येच गायब झाला तर काढा, थंड होऊ द्या, तीच आज्ञा पुन्हा द्या. काम राहिलं तिथून पुढे चालू होतं. आज्ञेत आधी मूळ डिस्क आणि मग प्रत, हा क्रम दोनदा वाचून मगच एंटर दाबा. विंडोजवर डीएमडीई या रिकव्हरी सॉफ्टवेअरमधूनही इमेज काढता येते.

इमेज हातात आली की पेनड्राइव्ह डबीत ठेवून द्या. पुढचं सगळं इमेजवर. आधी टेस्टडिस्क हे रिकव्हरी सॉफ्टवेअर किंवा डीएमडीई चालवा, कारण यात फाइलची नावं आणि फोल्डर टिकतात. पेनड्राइव्हची फाइल सिस्टिम फॅट३२ प्रकारची असेल तर बूट सेक्टरची, म्हणजे पेनड्राइव्हची मांडणी सांगणाऱ्या पहिल्या सेक्टरची, आणखी एक प्रत सेक्टर क्रमांक ६ वर असते. टेस्टडिस्क ती शोधून पहिली नीट करू शकतं आणि कधीकधी तेवढ्यावर फोल्डरचं अख्खं झाड पुन्हा दिसायला लागतं. डीएमडीईच्या मोफत आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइलपर्यंत सोडवता येतात, तुम्हाला तेवढं पुरेल.

नोंदी पार गेल्या असतील तर फोटोरेक हे सॉफ्टवेअर. ते नावांकडे बघतच नाही, फाइलची सुरुवात ओळखतं. प्रत्येक जेपीजी ठरावीक बाइटनी सुरू होते, पीडीएफचं तसंच. फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल तर ती अर्धवट येते, फोटोचा खालचा भाग करडा दिसतो. नावं जातात, हजारो फाइलचा ढीग पडतो, पण घाबरू नका. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तारीख फाइलच्या आतच असते. एक्सप्लोररमध्ये ‘डेट टेकन’ हा रकाना लावा आणि लग्नाच्या तारखेवर या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत ही तारीख नसते, ते मात्र डोळ्यांनीच निवडावे लागतील.

आता वडिलांचे लेख. यासाठीच मी इतकं लांब उत्तर लिहायला बसलो. फाइल सुटल्यावर वर्डमध्ये उघडाल तेव्हा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं यांचा गोंधळ दिसला तर ती फाइल खराब समजून टाकून देऊ नका. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या, आधीपासून चालत आलेली आहे. तिच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत. तो फॉन्ट संगणकावर नसला की आतली रोमन अक्षरं उघडी पडतात, एवढंच. मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टच्या चौकटीत बघा. तिथे ‘श्री-देव’ आणि पुढे एखादा क्रमांक दिसला तर लेख शाबूत आहे. ज्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी आहे त्याच्याकडे न्या, तिथे तो वाचता येईल, आणि युनिकोडमध्ये बदलूनही घ्या. चांगले लेख ‘करप्ट’ म्हणून पुसून टाकलेले मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये शून्य दिसत असेल तर आधी दुसरा पोर्ट, शक्यतो मागच्या बाजूचा, आणि दुसरा संगणक बघा. हलवल्यावर क्षणभर दिसतो आणि जातो असं असेल तर हलवणं थांबवा, टोकाचं सोल्डरिंग सुटलेलं असतं. साध्या यूएसबी २ पेनड्राइव्हला चारच टाके असतात. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा चांगला मोबाइल दुरुस्तीवाला ते पुन्हा जोडू शकतो. सोल्डरिंग ठीक असूनही शून्यच दिसलं तर मात्र डेटा रिकव्हरी लॅबच. तिथे मेमरी चिप काढून वेगळ्या रीडरवर वाचतात आणि कंट्रोलरने विखरून ठेवलेला डेटा पुन्हा जुळवतात. काम वेळखाऊ आणि महाग आहे. म्हणून आधीच विचारा: तपासणीचे पैसे किती, फाइल नाही मिळाल्या तर काय, आणि पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलची यादी दाखवाल का?

दुकानात देताना ‘पेनड्राइव्ह चालू करून द्या’ असं चुकूनही म्हणू नका. कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नव्याने भरून बंद पेनड्राइव्ह चालू करणारी साधनं दुकानदारांकडे असतात. त्याने पेनड्राइव्ह खरंच चालू होतो, पण रिकामा. ‘पेनड्राइव्ह गेला तरी चालेल, आतल्या फाइल हव्यात’ असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

डिस्क मॅनेजमेंटमधला आकडा इथे खाली कळवा, पेनड्राइव्हची फाइल सिस्टिम फॅट३२ होती की एनटीएफएस तेही आठवत असेल तर लिहा. इमेज काढताना अडलात तर त्या टप्प्याचं मी नेमकं सांगतो.