बंद फाटकातून दुचाकी काढणं खरंच एवढं धोक्याचं आहे का? गाडी लांबूनच दिसते, आणि गेटमन उगाच फार आधी फाटक लावून बसतात.

गाडी दिसते, तिचा वेग कळत नाही. समोरून येणारं इंजिन बराच वेळ जागच्या जागी असल्यासारखं वाटतं. शंभरच्या वेगातली गाडी ब्रेक लावल्यावरही किलोमीटरभर जाऊ शकते. दुहेरी मार्गावर एक गाडी गेली की लोक घुसतात आणि तिच्या आडून दुसरी येते.

पण ते 'उगाच' मला लागलं. माझे वडील पुणे–मिरज मार्गावर गेटमन होते, मार्ग एकेरी असतानाच्या काळात. फाटक मर्जीने लागत नाही. स्टेशन मास्तरांचा फोन येतो, फाटक लावून कुलूप घातलं की गेटमन प्रायव्हेट नंबर, म्हणजे फाटक बंद झाल्याची खूण म्हणून ठरलेला गुप्त आकडा, देतो, आणि त्यानंतरच गाडीला सिग्नल मिळतो. आमचं फाटक असंच फोनवर चालायचं.

एकदा कारखान्याच्या हंगामात वडील फाटक खाली घेत असताना माझ्याच मामांनी ट्रॅक्टर दामटला. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. नेमकी रुळांवर मधली पिन तुटली आणि मागची ट्रॉली तिथेच बसली. वडिलांनी आधी फोन केला, मग लाल दिवा आणि रुळांवर ठेवायचे फटाके (चाकाखाली फुटून ड्रायव्हरला धोक्याचा इशारा देणारे) घेऊन स्टेशनच्या दिशेने पळाले. नंबर दिलेला नव्हता, म्हणून गाडी स्टेशनातच उभी राहिली. मामा मात्र आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, "दाजींनी फाटक लवकर लावलं, म्हणून मला घाई करावी लागली." साफ खोटं. दाजींनी नंबर आधी दिला असता तर हे सांगायला मामा राहिलेच नसते.

फाटक तोडलं तर रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. माझ्या मते ती कमीच आहे.

गेटमन चुकतच नाहीत असं नाही. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ गेटमन असलेल्या फाटकावर रेल्वेने शाळेच्या व्हॅनला धडक दिली, मुलं गेली. ते फाटक सिग्नलशी इंटरलॉक केलेलं नव्हतं, म्हणजे फाटक उघडं असतानाही गाडीला सिग्नल मिळू शकत होता. तेव्हा फाटक उघडं दिसलं तरी वेग कमी करा, दोन्हीकडे बघा.

आणि वाहन रुळांवर अडकलंच तर आधी माणसं उतरवून लांब न्या, गेटमनला सांगा, वाहनाचं नंतर बघा. त्या दिवशी उसावर दोन मजूर बसलेले होते आणि मामा खाली वाकून पिन शोधत होते. मजुरांना उतरवलं ते माझ्या आईने.