फॉर्ममधील लेबल : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : माझ्या वेबपानावरील फॉर्ममध्ये प्रत्येक चौकटीच्या आधी तिचे नाव ठळक अक्षरांत दिलेले असते. पाहणाऱ्याला ते समजते, मग तेच शब्द लेबल टॅगमध्ये घालून काय साधते?

उत्तर : नाव आणि चौकट शेजारी शेजारी आहेत हे डोळ्यांना दिसते, ब्राउझरच्या लेखी मात्र त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. टॅब दाबत अशा चौकटीपाशी आलेल्या अंध व्यक्तीला स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली) ‘एडिट, ब्लँक’ एवढेच ऐकवतो, आणि तेथे आडनाव भरायचे की दूरध्वनी क्रमांक, हे तिला मागेपुढे चाचपडत शोधावे लागते. हा संबंध मार्कअपमध्येच नोंदवता यावा म्हणून १९९७ मध्ये एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या ४.० आवृत्तीने लेबल हा टॅग आणला. त्याच्या ‘फॉर’ या गुणधर्मात चौकटीचा ‘आयडी’ (पानावरची तिची स्वतंत्र ओळख) जसाच्या तसा लिहावा. पुष्कळ जण तेथे चुकून चौकटीचा ‘नेम’ (भरलेली माहिती ज्या नावाने पाठवली जाते ते) लिहितात. मग जोडणी होत नाही आणि ब्राउझर पानावर कोणतीही त्रुटी दाखवत नाही. पडताळणी सोपी आहे : नावावर क्लिक करावे, कर्सर चौकटीत गेला तर जोडणी झाली. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांना याच सोयीमुळे चेकबॉक्सच्या इवल्याशा चौकोनाचा नेम धरावा लागत नाही, कारण पुढच्या अख्ख्या वाक्यावर कोठेही क्लिक केले तरी खूण उमटते.

प्रश्न : जागा वाचावी म्हणून आम्ही लेबल काढून तेच शब्द प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे रिकाम्या चौकटीत दिसणाऱ्या फिकट मजकुरात, ठेवले. स्क्रीन रीडर ते वाचतो, हे आम्ही तपासले आहे. मग हरकत कशाला असावी?

उत्तर : तुमची तपासणी बरोबर आहे. दुसरे कोणतेही नाव सापडले नाही, तर ब्राउझर शेवटचा पर्याय म्हणून प्लेसहोल्डर वापरतो. पण पहिले अक्षर टाइप होताच तो मजकूर नाहीसा होतो. फॉर्ममध्ये दोन तारखा आहेत, एक कागदपत्र मिळाल्याची आणि दुसरी त्याची मुदत संपण्याची, असे समजा. दोन्ही भरून झाल्यावर ‘तारीख चुकली आहे’ असा संदेश आला, तर समोर केवळ दोन तारखा उरतात. कोणती कशाची, हे ताडून पाहायला चौकट रिकामी करण्यावाचून गत्यंतर नसते. ज्यांची स्मरणशक्ती किंवा एकाग्रता क्षीण आहे, त्यांच्यासाठी फॉर्म तेथेच संपतो, आणि ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. रंगाचाही पेच आहे : मजकूर फिकट ठेवला तर वाचवत नाही, गडद केला तर चौकट आधीच भरलेली वाटते. प्लेसहोल्डर लेबलच्या जागी वापरू नये, असे एचटीएमएलच्या मानकातही म्हटले आहे. नमुना दाखवायचा असेल तर तो चौकटीखाली कायम दिसेल असा लिहून ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या, चौकटीला तिचे वर्णन जोडणाऱ्या गुणधर्माने जोडावा. लेबल चौकटीच्या वर ठेवले की आडवी जागाही वाचते.

प्रश्न : आमच्या बटणावर ‘पाठवा’ असे लिहिले आहे. अधिक स्पष्टतेसाठी त्याला ‘अर्ज सादर करा’ असे एरिया-लेबल (स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठीचे, पडद्यावर न दिसणारे नाव) दिले. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, हेतू चांगला असूनही यात नुकसानच आहे. अशा साधनांना सांगायचे नाव ठरवताना ब्राउझर प्रथम ‘एरिया-लेबल्डबाय’ (पानावरचा दुसरा मजकूर नाव म्हणून जोडणारा गुणधर्म) पाहतो, मग ‘एरिया-लेबल’, आणि त्यानंतरच लेबल किंवा बटणावरचा मजकूर. म्हणजे एरिया-लेबल दृश्य शब्दांना पूरक ठरत नाही, ते त्यांना बाजूला सारते. हात न वापरता आवाजाने संगणक चालवणारी व्यक्ती पडद्यावर जे दिसते तेच उच्चारणार. ती ‘पाठवा’ म्हणेल आणि त्या नावाचे बटण आज्ञावलीला सापडणार नाही. म्हणूनच २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये २.५.३ हा निकष आला : दिसणारे शब्द नावात असलेच पाहिजेत. ‘पाठवा’ पुरेसे स्पष्ट नसेल तर बटणावरच ‘अर्ज पाठवा’ असे लिहा, ते सर्वांच्याच उपयोगी पडेल. केवळ चिन्ह असलेल्या बटणाला मात्र एरिया-लेबल शोभते.

प्रश्न : ‘होय’ आणि ‘नाही’ या रेडिओ बटणांना स्वतंत्र लेबले आहेत, तरीही तपासनिसाने त्रुटी काढली. ती कोणती असावी?

उत्तर : प्रश्नच हरवला असावा. ऐकणाऱ्याला ‘होय’ ऐकू येते, पण कशाला होय, हे कळत नाही. दोन्ही बटणे एका फील्डसेटमध्ये (चौकटींचा गट करणाऱ्या टॅगमध्ये) घालावीत आणि प्रश्न त्यातील लेजंडमध्ये (गटाचे शीर्षक देणाऱ्या टॅगमध्ये) लिहावा. लेजंड हे फील्डसेटचे पहिलेच अपत्य, म्हणजे त्याच्या आतला पहिलाच टॅग, असले पाहिजे.

प्रश्न : पत्त्याच्या चौकटींचा एकच तयार संच (घटक) पानावर दोनदा वापरला, तर दुसऱ्या पत्त्याच्या लेबलवर क्लिक केल्यावर कर्सर पहिल्या पत्त्यात जातो. असे का होते?

उत्तर : दोन्हींकडे ‘आयडी’ सारखेच आहेत, आणि ‘फॉर’ पानावर प्रथम आढळणाऱ्या आयडीलाच जोडले जाते. घटक तयार होताना प्रत्येक प्रतीतील आयडींना वेगळा उपसर्ग द्यावा. ते शक्य नसेल तर चौकट लेबल टॅगच्या आतच ठेवावी आणि ‘फॉर’ गाळावे. तेव्हा जोडणीसाठी आयडीची गरज उरत नाही.