वाचकांचे प्रश्न : सेटिंग्जची खिडकी प्रोग्रामलाच बांधू द्या

सोलापूरहून आलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सगळ्यांचा विषय एकच आहे: अल्गोरिदमच्या सेटिंग्जसाठी डायलॉग, म्हणजे खिडकी, आपोआप कसा तयार करायचा, आणि तो तयार झाल्यावर कुठे अडतो.

प्रश्न : टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही कॅमेऱ्याने कापडातले दोष शोधणारे सॉफ्टवेअर करतो. पायथॉन आणि क्यूटी (खिडक्या बांधायची लायब्ररी) वापरतो. तुटलेला धागा, ओढला गेलेला लूप, तेलाचा डाग, वाकडी किनार अशा प्रत्येक दोषाला वेगळा अल्गोरिदम आहे आणि प्रत्येकाची खिडकी हाताने बांधलेली आहे. एक पॅरामीटर वाढला की अल्गोरिदम, खिडकी, सेव्ह आणि लोड अशा चार ठिकाणी बदल करावे लागतात, आणि त्यातले एखादे हमखास राहते. यावर उपाय काय?
— एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : पॅरामीटरची माहिती एकाच जागी, अल्गोरिदमच्या शेजारी लिहा आणि बाकीच्या तिन्ही गोष्टी त्या माहितीवरून चालवा. जॅकार्ड मागावर नवी नक्षी हवी असली तर कोणी माग नव्याने बांधत नाही, कार्डे बदलतात. तुमची खिडकी बांधणारा कोडही असाच एकदाच लिहायचा असतो.

पायथॉन ३.७ पासून डेटाक्लास (मुख्यतः माहिती साठवणारे क्लास) आहेत, ते या कामाला पुरतात. प्रत्येक अल्गोरिदमसाठी एक डेटाक्लास करा. प्रत्येक फील्डला टाइप आणि डिफॉल्ट द्या, आणि 'मेटाडेटा' या डिक्शनरीत बाकीचे लिहा: दाखवायचे नाव, एकक, किमान, कमाल, पाऊल, दशांश स्थळे, गट, मदतीची एक ओळ, आणि फील्ड रोजचे आहे की प्रगत. मग एक फंक्शन ही फील्ड्स क्रमाने वाचते, टाइप पाहून विजेट (चेकबॉक्स, ड्रॉपडाउन असा खिडकीतला घटक) निवडते आणि क्यूफॉर्मलेआउट या क्यूटीच्या मांडणीत एकेक ओळ भरते. हे फंक्शन, म्हणजे आपला जनरेटर, साधारण दीडशे ओळींत बसते.

विजेट निवडताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पायथॉनमध्ये बूल हा इंटचाच उपवर्ग आहे. इंटची तपासणी आधी केली तर 'चालू/बंद'च्या जागी चेकबॉक्स न येता स्पिनबॉक्स (बाणांनी आकडा कमीजास्त करायची चौकट) येतो. एनम म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी. तिच्या इंटएनम या प्रकाराचेही तसेच होते. म्हणून तपासणीचा क्रम बूल, एनम, इंट, फ्लोट, पाथ, स्ट्रिंग असाच ठेवा. दुसरे, फाइलच्या वर भविष्यातले अ‍ॅनोटेशन चालू करणारी इम्पोर्ट ओळ (from __future__ import annotations) असेल तर फील्डचा टाइप क्लास म्हणून न मिळता नुसती स्ट्रिंग म्हणून मिळतो आणि सगळी तुलना फसते. त्यासाठी टायपिंग मॉड्यूलमधले 'गेट टाइप हिंट्स' वापरा. तिसरे, लिस्ट थेट डिफॉल्ट म्हणून देता येत नाही, 'डिफॉल्ट फॅक्टरी' द्यावी लागते. तेव्हा डिफॉल्ट वाचणाऱ्या कोडने दोन्ही शक्यता पाहिल्या पाहिजेत.

मर्यादांच्या दोन जोड्या ठेवा, असा आमचा आग्रह आहे. एक जोडी खरी: तिच्या बाहेर अल्गोरिदम चालतच नाही. दुसरी सोयीची: स्लायडर तेवढ्यातच फिरतो. जिम्प या चित्र-संपादन प्रोग्रामच्या मागे चालणाऱ्या गेगल लायब्ररीत प्रत्येक गुणधर्माला अशा दोन रेंज वेगवेगळ्या देता येतात, आणि जिम्प २.१० पासून कितीतरी फिल्टरांच्या खिडक्या त्याच वर्णनावरून तयार होतात. एकच रेंज ठेवली तर दोनपैकी एक अडचण येते: स्लायडर जरा हलवला की आकडा शंभरने उडतो, किंवा एखाद्या जाड कापडाला लागणारी मोठी किंमत टाकताच येत नाही.

एककाकडेही तितकेच लक्ष द्या. तपासणी टेबलावरच्या कामगाराला पिक्सेल म्हणजे काय हे विचारू नका, त्याला मिलिमीटर कळतात. कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनप्रमाणे एक पिक्सेल म्हणजे ०.२ मिमी असेल तर २ मिमीचा डाग १० पिक्सेलचा होतो. साठवा मिलिमीटर, आणि रूपांतर अल्गोरिदमच्या दाराशी करा. कॅमेरा बदलला, उंची बदलली, तरी जुनी सेटिंग्ज चालतात.

डेटाक्लास 'फ्रोझन' करा, म्हणजे तयार झाल्यावर त्यातल्या किंमती बदलता येणार नाहीत. तपासणीचा थ्रेड (समांतर चालणारे काम) चालू असताना कोणी खिडकीत आकडे बदलले, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी सेटिंग्ज घेऊन एखादी फ्रेम तपासली जाते, आणि असा दोष नंतर शोधून सापडत नाही. खिडकीने 'लागू करा' दाबल्यावर पूर्ण नवा ऑब्जेक्ट तयार करावा आणि थ्रेडने पुढच्या फ्रेमपासून तो घ्यावा.

आणि अल्गोरिदमच्या फाइलीत क्यूटीचे एकही इम्पोर्ट नको. खिडकीशिवाय, कमांड लाइनवरून तोच अल्गोरिदम त्याच वर्णनावर चालला पाहिजे. नकाशांच्या क्यूजीआयएस या प्रोग्राममध्ये प्रोसेसिंग अल्गोरिदम असाच लिहितात: पॅरामीटर जाहीर केले की डायलॉग तयार होतो, आणि तोच अल्गोरिदम मॉडेलरमध्ये (पायऱ्या जोडून साखळी बनवायच्या साधनात) किंवा कमांड लाइनवर चालतो. नवे काही बांधण्याआधी मॅजिकगुई ही पायथॉन लायब्ररीही पाहा. फंक्शनच्या टाइप हिंट्सवरून ती फॉर्म बनवते. साध्या गरजेला ती पुरेल.

प्रश्न : खिडकी तयार झाली, पण आकडे नीट बसत नाहीत. सेव्ह केलेले १५० उघडल्यावर ९९ दिसते, ०.००१ चे ०.०० होते. शिवाय खिडकी वरखाली सरकवताना माउसच्या चाकाने आकडे आपोआप बदलतात.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तिन्ही तक्रारी क्यूटीच्या डिफॉल्टमुळे आहेत. क्यूस्पिनबॉक्सची मूळ मर्यादा ० ते ९९ असते, आणि क्यूडबलस्पिनबॉक्सला दोनच दशांश स्थळे असतात. किंमत आधी भरून मर्यादा नंतर दिली, तर किंमत तेव्हाच कापली गेलेली असते आणि मर्यादा वाढवल्याने परत येत नाही. क्रम असा ठेवा: दशांश स्थळे, मग मर्यादा, मग पाऊल, आणि सगळ्यात शेवटी किंमत. सिग्नल (किंमत बदलल्याची सूचना) जोडायचे ते त्याच्याही नंतर.

चाकाचा त्रास घालवायला विजेटचे फोकस धोरण 'स्ट्राँग फोकस' करा, आणि फोकस नसताना आलेला चाकाचा इव्हेंट नाकारून वरच्या स्क्रोल एरियाकडे जाऊ द्या. ड्रॉपडाउनलाही हेच करा, तिथे तर बदल लक्षातही येत नाही. 'कीबोर्ड ट्रॅकिंग' बंद करा, नाहीतर १५० टाइप करताना १, १५ आणि १५० असे तीन वेळा प्रीव्ह्यू काढला जातो. स्लायडरसाठी २०० ते ३०० मिलिसेकंदांचा एकदाच वाजणारा टायमर ठेवा आणि दर हालचालीला तो पुन्हा सुरू करा. प्रीव्ह्यू वेगळ्या थ्रेडवर चालत असेल तर प्रत्येक मागणीला क्रमांक द्या, आणि उशिरा आलेले जुन्या क्रमांकाचे उत्तर टाकून द्या.

याच्या शेजारचा एक दोष: ओपनसीव्ही या चित्र-प्रक्रिया लायब्ररीच्या मीडियन फिल्टरला विषमच आकार लागतो, म्हणून अनेक जण किमान ३ आणि पाऊल २ देतात. पाऊल फक्त बाणांना लागू होते. हाताने ४ टाइप केले की स्पिनबॉक्स ते घेतो आणि अल्गोरिदम एररने थांबतो. आकाराऐवजी त्रिज्या विचारा आणि आत दुप्पट करून एक मिळवा. मग चुकीचा आकडा टाकायला जागाच उरत नाही.

प्रश्न : आमचे काम सी शार्पमध्ये आहे. प्रॉपर्टीग्रिड (प्रॉपर्टींची यादी आपोआप दाखवणारे विजेट) वापरले की झाले ना?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : विंडोज फॉर्म्समध्ये इंजिनिअरने वापरायच्या खिडकीला ते चांगले आहे. कॅटेगरी, डिस्प्लेनेम, डिस्क्रिप्शन ही अ‍ॅट्रिब्यूट्स लिहिली की गट, नाव आणि मदत लगेच दिसते. दोन गैरसमज मात्र टाळा. 'डिफॉल्टव्हॅल्यू' लिहिल्याने किंमत भरली जात नाही. ग्रिड फक्त तिच्याशी तुलना करून बदललेली किंमत ठळक दाखवते आणि रीसेट करताना ती वापरते. खरी सुरुवातीची किंमत प्रॉपर्टीलाच द्या, आणि दोन्ही जुळतात की नाही याची टेस्ट लिहा. दुसरे, डेटा अ‍ॅनोटेशन्समधले 'रेंज' ग्रिड आपणहून पाळत नाही, मर्यादा सेटरमध्ये तपासावी लागते. कारखान्यातल्या ऑपरेटरसमोर ही लांबलचक दोन रकान्यांची यादी ठेवू नका. त्याच अ‍ॅट्रिब्यूट्सवरून मोठ्या अक्षरांचा साधा फॉर्म बनवता येतो.

प्रश्न : एका पॅरामीटरवर दुसरा अवलंबून असेल तर? 'ओत्सू' पद्धत निवडली की थ्रेशहोल्ड (उजळ-गडद वेगळे करणारी सीमा) लागत नाही, 'अ‍ॅडाप्टिव्ह' निवडली की ब्लॉकचा आकार लागतो. आम्ही शेवटी हाताने खिडकी लिहायला परत आलो.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : परत जायची गरज नव्हती, पण अडलात ती जागा खरोखर अवघड आहे. यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत.

पहिला पर्यायांचा. एकाच डेटाक्लासमध्ये सगळी फील्ड्स कोंबून 'हे असेल तर ते लपव' असे नियम लिहू लागलात की वर्णनातच एक छोटी प्रोग्रामिंग भाषा तयार होऊ लागते. त्याऐवजी प्रत्येक पद्धतीचा वेगळा डेटाक्लास करा: 'ठरावीक' मध्ये फक्त थ्रेशहोल्ड, 'ओत्सू' रिकामा, 'अ‍ॅडाप्टिव्ह' मध्ये ब्लॉक आणि वजा करायचा स्थिरांक. मूळ सेटिंग्जमध्ये एकच फील्ड ठेवा, त्याचा टाइप म्हणजे या तिघांपैकी एक. जनरेटर ड्रॉपडाउन दाखवतो आणि खाली निवडलेल्या क्लासचा फॉर्म बसवतो. पद्धत बदलून परत आल्यावर आधीचे आकडे जायला नकोत, म्हणून तिन्ही फॉर्म मागे जिवंत ठेवा. एखादीच ओळ लपवायची असेल तर क्यूटी ६.४ पासून क्यूफॉर्मलेआउटमध्ये पूर्ण ओळ लपवण्याची सोय आहे. त्याआधीच्या आवृत्तीत लेबल आणि विजेट दोन्ही लपवावे लागतात.

दुसरा प्रश्न परस्परसंबंधाचा. कडा शोधणाऱ्या कॅनी पद्धतीत खालचा थ्रेशहोल्ड वरच्यापेक्षा कमी हवा. उलटे आकडे दिले तर ओपनसीव्ही तक्रार करत नाही, आतल्या आत दोन्हींची अदलाबदल करते. ऑपरेटर 'खालचा' वाढवत राहतो आणि परिणाम वेगळाच दिसतो. असे नियम एकेका विजेटला बांधता येत नाहीत. डेटाक्लासमध्ये पूर्ण ऑब्जेक्ट तपासणारे एक फंक्शन ठेवा. त्याने चुकांची यादी द्यावी, आणि प्रत्येक चुकीसोबत फील्डचे नाव असावे. खिडकीने त्या ओळीखाली लाल मजकूर दाखवावा आणि 'लागू करा' बंद ठेवावे. दुसरा आकडा आपोआप सरकवू नका. माणूस दोन आकडे एकापाठोपाठ बदलत असतो, मधली स्थिती चुकीची असणारच.

किनारीचा भाग माउसने आखणे, चित्रावर रंग उचलणे, वक्र ओढणे: हे विजेट हातानेच लिहा आणि टाइपच्या नावाने जनरेटरकडे नोंदवा. दहातली एखादी खिडकी पूर्ण हाताची राहिली तरी चालते. तिच्यासाठी जनरेटर फुगवू नका.

प्रश्न : ऑपरेटर मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे आहेत. लेबले तिन्ही भाषांत केली, तर तेलुगूत सेव्ह केलेला प्रीसेट (साठवलेली सेटिंग्ज) मराठीत उघडत नाही.
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : तुम्ही फाइलीत लेबल साठवता आहात. साठवायचे ते फील्डचे आतले नाव, आणि ड्रॉपडाउनसाठी एनमच्या सदस्याचे नाव. ड्रॉपडाउनमध्ये दिसणारा मजकूर वेगळा आणि मागचा डेटा वेगळा ठेवता येतो, वाचताना नेहमी डेटाच वाचा. लेबल भाषांतरातून जाऊ द्या, पण क्लास लोड होतानाच भाषांतर करू नका. तेव्हा भाषा निवडलेली नसते. खिडकी बांधताना करा.

आकड्यांचीही काळजी घ्या. मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) लावले की क्यूटीचा स्पिनबॉक्स देवनागरी आकडे दाखवू शकतो. पडद्यावर ते छान दिसते, पण विजेटमधला मजकूर उचलून फाइलीत लिहिला तर वाचताना गोंधळ होतो. विजेटकडून संख्या घ्या, मजकूर नको. ओळींची उंची पिक्सेलमध्ये बांधू नका, तेलुगू आणि कन्नड जोडाक्षरे खाली उतरतात आणि कापली जातात. लांब लेबल असेल तर विजेट खालच्या ओळीवर जाण्याची सोय फॉर्मलेआउटमध्ये आहे, ती चालू करा.

प्रश्न : प्रीसेट क्यूसेटिंग्ज या क्यूटीच्या सोयीत ठेवावेत की जेसन या मजकूर-फाइलीत? नवी आवृत्ती दिल्यावर जुने प्रीसेट बिघडतात.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : प्रीसेट जेसनमध्ये ठेवा. क्यूसेटिंग्ज खिडकीचा आकार, शेवटचा फोल्डर यांसाठी ठीक आहे. तिच्या आयएनआय फाइलीतून परत येताना बूल ही 'फॉल्स' अशी स्ट्रिंग होऊन येते, आणि पायथॉनमध्ये रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग खरी धरली जाते. म्हणजे बंद केलेली तपासणी दुसऱ्या दिवशी चालू. क्यूसेटिंग्ज वापरायचेच असेल तर वाचताना टाइप सांगा.

जेसनमध्ये अल्गोरिदमचे नाव आणि आवृत्ती क्रमांक हवाच. लोड करताना फाइलीत नसलेल्या फील्डला डिफॉल्ट द्या. अनोळखी फील्ड दिसले तर ते गाळले असे लॉगमध्ये लिहा. नाव बदलले किंवा एकक बदलले तर आवृत्ती १ वरून २ वर नेणारे छोटे फंक्शन लिहा. एककाचा बदल सगळ्यात धोक्याचा: १० पिक्सेल जसेच्या तसे १० मिमी म्हणून वाचले गेले तर फाइल बिनतक्रार उघडते आणि खराब टॉवेल पास होतात. त्यामुळे एकक बदलताना फील्डचे आतले नावही बदला. जुन्या प्रत्येक आवृत्तीचा एक प्रीसेट टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दर बिल्डला तो उघडून किंमती तपासा.