लकवा तोंडाचा, फालिज अंगाचा

प्रश्न आहे की लकवा, पक्षाघात आणि अर्धांगवायू हे एकच का, आणि मिनी-स्ट्रोकला मराठीत काय म्हणावं.

एकच नाहीत, आणि तसे सर्रास वापरले जातात याचाच मला वैताग आहे. 'पक्षाघात' सोपा: पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे फटका. 'अर्धांगवायू'तला वायू वातविकाराचा. 'अंगावरून वारं गेलं' हे माझ्या मते त्याचंच घरगुती रूप. उघड्या खिडकीचा त्यात काही दोष नाही.

खरी गंमत लकव्यात आहे. अरबीत 'लकवा' म्हणजे फक्त तोंड वाकडं होणं. अर्ध्या अंगासाठी तिथे वेगळा शब्द आहे, 'फालिज', आणि त्याच्या धातूचा अर्थ दुभंगणं, दोन भाग करणं. म्हणजे आपलं अर्धांगच की! संस्कृत वैद्यकातही हीच वाटणी: तोंडापुरता तो 'अर्दित', अंगाचा तो 'पक्षाघात'. दोन परंपरांनी इतकं नीट निवडून ठेवलेलं आपण एकाच लकव्यात कालवून टाकलं. 'लकवा = अर्धांगवायू' लिहून मोकळे होणाऱ्या कोशकारांना विचारावंसं वाटतं, मग नुसतं तोंड वाकडं झालेल्याला काय झालं म्हणायचं?

आणि हा भेद नुसता कोशातला नाही. चेहऱ्याची नस सुजली की कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडतो. भुवया वर करायला सांगितल्या तर त्या बाजूला आठी उमटत नाही. मेंदूतल्या आघातात बहुधा उमटते, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो. ओठाचा कोपरा तेवढा ओघळतो. (ही परीक्षा डॉक्टरांनी घ्यायची, घरच्यांनी नव्हे. घरच्यांनी गाडी काढायची.)

स्ट्रोकला सरसकट 'अर्धांगवायू' म्हणणंही चूक. स्ट्रोक ही मेंदूतली घटना: रक्तवाहिनी बहुतेकदा तुंबते, कधी फुटते. अंग लुळं पडणं हा तिचा एक परिणाम. हातपाय ठणठणीत, पण अचानक शब्द सापडेनात किंवा एका बाजूचं दिसेना, तरी तो स्ट्रोकच. 'हात हलतोय ना, मग लकवा नाही' या चुकीच्या शब्दापायी वेळ जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून.

हां, मिनी-स्ट्रोक. गुठळी मानेतल्या रोहिणीतून येते, कधी अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयातून, क्षणभर वाट अडवते आणि सुटते. तोंड, हात, बोलणं काही मिनिटांत, बहुधा तासाभरात, पूर्ववत. यात 'मिनी' काय आहे? मोठ्या आघाताचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. 'सौम्य झटका' हे भाषांतर तर त्याहून वाईट. 'झटका' आपण आकडीलाही म्हणतो आणि हृदयविकारालाही.

माझी पसंती 'पूर्वाघात'. संस्कृतज्ञ म्हणतील, याचा अर्थ 'आधी होऊन गेलेला आघात' असाही निघतो. निघू दे, तोही खोटा नाही.